पोशिंद्याचे कूळ आणि मूळ

१. पोटफोड्या ष की शेंडीफोड्या श?

शेतकऱ्यांच्या कोणत्याही मोर्चात पाच-दहा फलक नीट वाचले, की एक गंमत हमखास दिसते. एका फलकावर ‘जगाचा पोशिंदा’ असते, तर शेजारच्यावर ‘जगाचा पोषिंदा’. फलक रंगवणाऱ्या पेंटरपासून वर्तमानपत्राच्या उपसंपादकापर्यंत अनेकांना हा प्रश्न पडतो, की यातले बरोबर काय? पोटफोड्या ष लिहिणाऱ्याची बाजूही लंगडी नसते. पोषण, पोषक, पौष्टिक, कुपोषण या सगळ्या शब्दांत ष आहे, मग त्यांच्याच घरातल्या पोशिंद्याने शेंडीफोड्या श का घ्यावा?

त्यातून तिसरा भाऊ वेगळाच. मुले, गुरे, घर आपण ‘पोसतो’. तिथे ना श, ना ष; साधा दंत्य स.

एकाच घरातली तीन माणसे तीन आडनावे लावून फिरत असतील, तर त्या घराचा इतिहास पाहण्याजोगा असतो. या शब्दाचा इतिहास तर थेट अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावाच्या ग्रामसभेपर्यंत येऊन पोचतो. त्या गावाचे नाव पुणतांबा. राहाता तालुक्यातले, गोदावरीच्या काठावरचे हे गाव चांगदेवांच्या समाधीसाठी वारकऱ्यांना ठाऊक आहे. दौंड–मनमाड मार्गावरून शिर्डीला जाणारा रेल्वेचा फाटा इथूनच फुटतो. २०१७ च्या उन्हाळ्यात हे नाव महाराष्ट्रभर झाले ते मात्र ‘पोशिंदा संपावर’ या बातमीने. तिथवर जाण्याआधी स, श आणि ष यांचे भांडण मिटवून घेऊ.

२. माणूस, म्हैस आणि पोसणे

मराठीत संस्कृत शब्द दोन वाटांनी आले. एक वाट पंडितांची. शब्द पोथीतून जसाच्या तसा उचलायचा आणि वापरायचा. या शब्दांना ‘तत्सम’ म्हणतात. तत्सम म्हणजे ‘त्यासारखाच’. दुसरी वाट लोकांच्या तोंडची. शब्द पिढ्यान्‌पिढ्या बोलला जातो, प्राकृतातून घासत येतो आणि मराठीत पोचेपर्यंत त्याचा चेहरा बदललेला असतो. हे ‘तद्भव’ शब्द.

प्राकृतात, निदान महाराष्ट्रात बोलल्या जाणाऱ्या प्राकृतात, श, ष आणि स या तिघांचे काम एकटा स करू लागला. म्हणून संस्कृत ‘मानुष’ मराठीत ‘माणूस’ झाला आणि ‘महिषी’ची ‘म्हैस’ झाली. दोन्हीकडे मूळचा ष गेला आणि स आला. ‘पुष्’ या धातूचेही तेच झाले. धातू म्हणजे क्रियापदाचे बीज. पुष् म्हणजे पोसणे, वाढवणे, भरभराटीला आणणे किंवा येणे. त्याच्या ‘पोष’ या रूपातून प्राकृतात ‘पोस’ आले आणि मराठीत ‘पोसणे’.

आता दुसरी पायरी. मराठीत स च्या पुढे इ किंवा ई आली, की त्याचा बहुधा श होतो. माणूस, पण दरमाणशी. म्हैस, पण म्हशी. जीभ इ उच्चारण्यासाठी टाळूकडे सरकते आणि जाता जाता दंत्य स लाही तिकडे ओढून नेते. शाळेत न शिकवता प्रत्येक मराठी मूल हा नियम पाळते. ‘म्हसी’ म्हणणारे मूल सापडणे कठीण.

तीन ओळी एकाखाली एक मांडल्या, की कोडे सुटते:

मानुष – माणूस – माणशी
महिषी – म्हैस – म्हशी
पोष – पोस(णे) – पोशि(ंदा)

म्हणजे पोशिंद्यातला श हा पोसण्यातल्या स चा, आणि तो स पोषणातल्या ष चा वारस. ‘पोषण’ पंडितांच्या वाटेने आला म्हणून त्याचा ष शाबूत राहिला. ‘पोशिंदा’ गोठ्यातून, शेतातून, चुलीपासून आला. ‘पोषिंदा’ लिहिणे म्हणजे ‘म्हषी’ लिहिण्यासारखे. फलकवाल्या पेंटरला निर्धास्तपणे सांगावे, की शेंडीफोड्या श काढ.

३. शेपूट कुठले?

‘पोशि’चा हिशोब लागला. ‘इंदा’ राहिला.

हे शेपूट मराठी माणसाने इतरत्रही ऐकलेले असते. शर्मिंदा, बाशिंदा, परिंदा, नुमाइंदा. हे सगळे फारसीतले. फारसीत क्रियापदाला ‘अंदा’ हा प्रत्यय लागला, की ‘ते करत असणारा’ असा अर्थ होतो. उडणारा तो परिंदा, राहणारा तो बाशिंदा, दाखवणारा किंवा बाजू मांडणारा तो नुमाइंदा. भारतात येताना ‘अंदा’चा उच्चार बहुतेक शब्दांत ‘इंदा’ झाला. मराठी मुलखात बहमनी काळापासून कित्येक शतके दरबाराची भाषा फारसी होती. त्या काळात नुसते शब्दच आले असे नाही. ते बनवण्याची हत्यारेही आली. मराठी माणसाने ती आपल्या शब्दांवर चालवली. ‘दार’ हा फारसी प्रत्यय घेतला आणि धारदार, जोडीदार, भालदार असे शब्द पाडले. यातले धार, जोडी आणि भाला हे इथलेच.

पोशिंदा हा त्याच पद्धतीचा शब्द दिसतो. गावरान आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधावी तसे हे कलम आहे. खुंट संस्कृत-प्राकृताचा, काडी फारसी. आज झाडाकडे पाहून जोड कुठे बसला ते कळतही नाही.

इथे एक सावधगिरी. पोशाख, मेजपोश, पलंगपोस हे शब्द कानाला जवळचे वाटतात, पण त्यांचा या कुळाशी संबंध नाही. ते फारसी ‘पोशीदन’ म्हणजे झाकणे, पांघरणे यातून आले आहेत. पोशाख अंग झाकतो, पोसत नाही.

फारसी प्रत्ययाने शब्दाच्या अर्थात एक बारीक छटा आणली. हिंदीत शेतकऱ्याला ‘अन्नदाता’ म्हणतात. दाता म्हणजे देणारा, आणि दान एकदा देऊनही दाता होता येते. पोशिंदा मात्र पोसत असणारा. काम चालू आहे. आज आहे, उद्या आहे, थांबता येत नाही. शिवाय पोशिंदा हा शब्द सहसा एकटा उभा राहत नाही. कोणाचा पोशिंदा, हे सांगावेच लागते. घराचा, लाखांचा, जगाचा. खाणारा शब्दाला बांधलेलाच असतो.

४. लाखांचा पोशिंदा

आज पोशिंदा म्हटले की शेतकरी डोळ्यांसमोर येतो. जुन्या म्हणीत तो नाही. ‘लाख मरोत, पण लाखांचा पोशिंदा न मरो’ ही म्हण घराघरांत ठाऊक आहे. पावनखिंडीची गोष्ट सांगताना ती हटकून येते. १६६० च्या जुलैत बाजीप्रभू खिंड अडवून राहिले ते विशाळगडाकडे निघालेला राजा सुखरूप पोचावा म्हणून. या म्हणीतला पोशिंदा म्हणजे राजा, धनी, घरातला कर्ता. तो वरून खाली पोसतो. खालचे पुष्कळ, वरचा एक; म्हणून त्याचा जीव मोलाचा.

ही कल्पना मराठीपुरती नव्हती. फारसीत ‘परवर’ म्हणजे पोसणारा, आणि सरकारदरबारी अर्ज करणारा साहेबाला ‘गरीबपरवर’ म्हणून हाक घालायचा. इंग्रजांचा ‘लॉर्ड’ हा शब्द तर सरळ पावातून निघाला आहे. त्याच्या जुन्या इंग्रजी रूपाचा अर्थ ‘पाव राखणारा’ असा होता, आणि ‘लेडी’च्या जुन्या रूपाचा ‘पावाची कणीक मळणारी’. त्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या नोकराला ‘पाव खाणारा’ म्हणत. लॉर्डसाहेबांचा रुबाब हिंदुस्थानने दीडशे वर्षे पाहिला. त्या नावाच्या मुळाशी भाकरीचा डबा आहे, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

पण धान्य राखणारा आणि धान्य पिकवणारा हे दोघे वेगळे. राजाच्या कोठारात दाणा येतो कुठून, हा प्रश्न म्हणीत विचारलेला नाही. तो ज्याने विचारला अशा एका राजाचे पत्र मात्र उपलब्ध आहे. शिवाजी महाराजांनी सप्टेंबर १६७६ मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना ते पाठवले. त्याचा आशय असा: गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावेत. ज्याच्या अंगी शेत करण्याची ताकद आहे, पण बैल नाही, नांगर नाही, पोटाला दाणा नाही, त्याला बैलजोडीसाठी पैसा द्यावा आणि खायला खंडी-दोन खंडी धान्य द्यावे. वसुली करायची ती मुद्दलाची, तीही वाढीदिढी न लावता, त्याला शक्ती येईल तसतशी. यासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्च पडला तरी चालेल, असेही त्यात आहे. लारी हे किनाऱ्यावर चालणारे चांदीचे नाणे.

‘वाढीदिढी’ समजून घेण्यासारखी आहे. पेरणीच्या आधी सावकाराकडून मणभर धान्य उचलले, की सुगीला ते वाढ घालून परत द्यायचे. दिढीची बोली असेल तर दीड मण. मोसम चार-सहा महिन्यांचा, म्हणजे तेवढ्या अवधीत पन्नास टक्के. पीक बुडाले तर पुढच्या हंगामात त्या दीड मणावर पुन्हा दिढी, म्हणजे सव्वादोन मण. दोन हंगामांत कर्ज दुपटीच्या वर. हे चक्र रयतेमागे लागू नये, ही त्या पत्राची तळमळ. लाखांच्या पोशिंद्याला कळले होते, की आपल्यालाही कोणीतरी पोसते आणि त्याच्या पोटाला आधी दाणा हवा.

५. पुणतांब्याची ग्रामसभा

म्हणीतला राजा जाऊन त्या जागी शेतकरी आला. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकऱ्याच्या कष्टावर नोकरशाही, भटशाही आणि सावकारी कशी पोसली जाते, याचा त्यात झाडा घेतला. पुस्तकाने पोसणाऱ्याची दिशाच उलटी केली: खालचा वरच्याला पोसतो. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत, भाषणांतून, गाण्यांतून, पाठ्यपुस्तकांतून, ‘जगाचा पोशिंदा’ म्हणजे शेतकरी हे समीकरण इतके घट्ट झाले की आता ते प्रत्येक मंत्र्याच्या भाषणात सापडते. पदवी मोठी आणि फुकट असली की द्यायला कोणाचा हात आखडत नाही.

पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी २०१७ मध्ये त्या पदवीचा शब्दशः अर्थ घेतला. पोशिंदा पोसायचा थांबला तर? एप्रिलमध्ये ग्रामसभेने संपावर जाण्याचा ठराव केला. आपल्या घरापुरते पिकवायचे. दूध आणि भाजीपाला शहराकडे पाठवायचा नाही. कर्जमाफी, दुधाला भाव, आणि स्वामीनाथन आयोगाने सुचवल्याप्रमाणे उत्पादन खर्चावर पन्नास टक्के वाढ धरून हमीभाव, या मुख्य मागण्या होत्या. ‘किसान क्रांती’ या नावाखाली इतर गावांचे, जिल्ह्यांचे ठराव येत गेले.

१ जूनला संप सुरू झाला. टँकर अडले, ठिकठिकाणी दूध रस्त्यावर ओतले गेले, मुंबई-पुण्याच्या बाजारांत भाजीची आवक घटून भाव चढले. ओतलेल्या दुधाची दृश्ये पाहून शहरात अनेकांना राग आला. अन्नाचा अपमान मराठी मनाला सहन होत नाही आणि तो राग खोटा नव्हता. पण ज्या गाईला रोज दोनदा पिळावेच लागते, तिच्या मालकाचा संप कारखान्यातल्या संपासारखा होऊच शकत नाही. यंत्राची कळ बंद करता येते, कासेची नाही.

३ जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांशी झालेल्या चर्चेनंतर ‘किसान क्रांती’च्या समितीतल्या काहींनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले. इतरांना ते मान्य झाले नाही, आणि आंदोलनाचा जोर नाशिककडे सरकला. ११ जूनला सरकारने कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली. २४ जूनला ‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना’ जाहीर झाली. दीड लाख रुपयांपर्यंतची थकबाकी माफ आणि एकूण बोजा ३४,०२२ कोटी. त्याच महिन्यात गाईच्या दुधाचा खरेदी दर लिटरला २४ वरून २७ रुपये करण्यात आला. हमीभावाचा प्रश्न तसाच राहिला. पाच वर्षांनी, २०२२ च्या जूनमध्ये, पुणतांब्याने पुन्हा धरणे धरले.

महाराष्ट्राला शेतकऱ्यांचा संप नवा नव्हता. अलिबागजवळच्या चरी गावात ऑक्टोबर १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसणे बंद केले. तो संप सुमारे सहा वर्षे चालला, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या कुळांच्या पाठीशी उभे राहिले. चरीच्या कुळांनी जमीनच पडीक ठेवली. उपासमार झाली ती त्यांच्याच घरात. पुणतांब्यात जमीन कसली गेली, माल अडला. चरीत समोर खोत होते. पुणतांब्यासमोर कोण होते? सरकार, बाजारसमिती, दूधसंघ, आणि दुधाची पिशवी दारात न आल्याने चिडलेले एक कुटुंब. जगाचा पोशिंदा म्हटले, की भांडण जगाशीच होते.

६. स्वतः वाढणे, दुसऱ्याला वाढवणे

संस्कृतात पुष् हा धातू एकापेक्षा जास्त तऱ्हांनी चालतो. ‘पुष्यति’ म्हणजे मुख्यतः तो स्वतः पुष्ट होतो, भरभराटतो. ‘पुष्णाति’ म्हणजे तो दुसऱ्याला पुष्ट करतो. बीज एक, फळे दोन. स्वतःची भरभराट आणि दुसऱ्याचे पोषण या दोन गोष्टींना त्या धातूने वेगळे मानलेले नाही.

मराठीत येताना वाटणी झाली. स्वतःच्या भरभराटीचा अर्थ ‘पुष्ट’, ‘पुष्टी’ या तत्सम शब्दांकडे गेला. ‘पोसणे’ हे क्रियापद मुख्यतः दुसऱ्यासाठी उरले. ‘मी पोसतो’ म्हटले, की ‘कोणाला?’ हा प्रश्न येतोच. पोशिंदा या शब्दातही मग तेवढाच अर्थ आला. तो पोसतो, तो स्वतः पुष्ट होतो की नाही, याबद्दल शब्द गप्प आहे. उत्पादन खर्च अधिक पन्नास टक्के ही मागणी म्हणजे धातूचा गमावलेला अर्धा अर्थ परत मागणे होते, असे म्हटले तर व्याकरणाच्या दृष्टीनेही चूक ठरणार नाही.

‘पोसणे’ या क्रियापदाच्या वाट्याला आणखी एक अवकळा आली. पांढरा हत्ती पोसणे, साप पोसणे, गुंड पोसणे, कोणाला आयते बसवून पोसणे. जिथे खर्च डोळ्यांत सलतो तिथे हेच क्रियापद येते. उलट ‘पोषण’ सरकारी कागदावर चढले आणि प्रतिष्ठित झाले. १९९५ पासून शाळांतून पोषण आहार आला. मुलांनी मात्र त्याचे नाव ‘खिचडी’च ठेवले. २०२१ मध्ये केंद्राने योजनेचे नावच ‘पीएम पोषण’ केले.

धातूचा जुना, अखंड अर्थ अजून एके ठिकाणी टिकला आहे: पंचांगात. ‘पुष्य’ हे नक्षत्र याच धातूचे, पुष्टी देणारे. ज्या महिन्याची पौर्णिमा या नक्षत्राच्या आसपास येते तो ‘पौष’. महाराष्ट्रात पौषात लग्ने करत नाहीत. नावाने पुष्टीचा महिना, पण शुभकार्याला बाद. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पुष्यात जातो तेव्हा पडणारा पाऊसही शेतकऱ्याच्या हिशोबात असतो. त्याच्या आधीच्या पुनर्वसूच्या पावसाला ‘तरणा’ म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’. पुणतांबा पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते; सह्याद्री चढून आलेले ढग तिथवर पोचेपर्यंत हलके झालेले असतात. अशा मुलखात तरण्याने दगा दिला, तर खरिपाची सगळी मदार म्हाताऱ्यावर.

७. पोशिंदी

शेवटचा प्रश्न वाचक विचारत नाहीत, पण शब्द स्वतःच विचारतो. ‘पोशिंदा’चे स्त्रीलिंग काय?

व्याकरणाला अडचण नाही. शहाणा-शहाणी तसे पोशिंदा-पोशिंदी. पण हे रूप फलकावर दिसत नाही, भाषणात ऐकू येत नाही. खुरपणी, वेचणी, लावणी, धारा काढणे, शेणकूर ही कामे बहुतांशी बायका करतात. दूध ओतण्याच्या बातम्यांत चेहरे पुरुषांचे होते. त्याच गोठ्यांत पहाटे धार काढणारी कोण होती, हे बातमीत नव्हते. सातबाराच्या उताऱ्यावर नाव पुरुषाचे, म्हणून कर्जही त्याच्या नावावर आणि माफीही.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने हा मुद्दा सर्वांत धीटपणे हाताळला. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले आणि लाखांच्या घरात बायका आल्या. त्यातून पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली. नवऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा राजीखुशीने बायकोच्या नावे करून द्यायचा. ज्या गावात अशी शंभर घरे होतील, ते गाव लक्ष्मीमुक्तीचे, आणि तिथे सत्काराला शरद जोशी स्वतः येणार. त्यासाठी तलाठ्याकडे अर्ज जायचा, फेरफार नोंदला जायचा आणि सातबारावर बाईचे नाव चढायचे.